पहिल्या तारखेचा आदला दिवस

टाटा रुग्णालयात पहिल्यांदा दाखवायला येणाऱ्या माणसांची आदल्या दिवशी तयारी करून घ्यायची, हे माझं काम. परळ भागातल्या एका धर्मशाळेच्या तळमजल्यावर आमची मार्गदर्शनाची खोली आहे. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी इथे बसू लागले. पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या वाट्याला रुग्ण येतो तो मोजक्या मिनिटांसाठी. तेवढ्या वेळात आजाराची सगळी हकीकत आणि सगळे पुरावे समोर असले, तर पुढच्या तपासण्या लगेच लिहून मिळतात. नसले तर नवी तारीख पडते आणि घरचं माणूस तपासणीच्या तुकड्याच्या एका डबीसाठी पुन्हा गाव गाठतं. म्हणून गावाहून फोन आला की माझं पहिलं सांगणं असतं, "एक दिवस आधी या, आणि तो दिवस मला द्या."

कालचा सोमवार असा गेला.

सकाळी ६:००

घरून निघण्याआधी वही उघडून मंगळवारची पहिली तारीख कोणाकोणाची आहे ते बघितलं. दोघांची होती. माढा तालुक्यातले एक शेतकरी, वय बासष्ट, गालाच्या आतली जखम. कुडाळच्या एक प्राथमिक शिक्षिका, वय अठ्ठेचाळीस, स्तनातली गाठ काढून झालेली. दोघांच्या घरच्यांशी आठवडाभरापूर्वी फोनवर बोलणं झालं होतं आणि काय काय आणायचं ते सांगितलं होतं. तरी सांगितलेलं आणि आणलेलं यांत फरक पडतोच. माणसं घाबरलेली असतात, आणि घाबरलेल्या माणसाला यादीतली पहिली दोन नावंच लक्षात राहतात.

पिशवीत कोऱ्या फायली, मोठ्या क्लिपा, मार्कर, पांढरे कागद आणि चिकटपट्टी भरली. खोलीवर पोचल्यावर आधी चहा टाकला. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसासमोर कागदांचा विषय चहाआधी काढायचा नाही, असा माझा नेम आहे.

सकाळी ७:३०

माढ्याचे ते शेतकरी, अप्पा, आले. रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून सकाळी दादरला उतरले आणि टॅक्सीने इथे आले. सोबत बायको आणि मोठा मुलगा. अप्पांच्या डोक्यावर टोपी, गालाला रुमाल. चहा घेताना कपाची कड ओठांत नीट धरता येईना. मी बशी पुढे केली, तेव्हा फुरके मारत प्यायले. तोंड किती उघडतं ते तिथेच दिसलं. दोन बोटंसुद्धा आत जाणार नाहीत.

काकूंनी शिदोरी सोडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, तळलेली मिरची. अप्पांना यातलं काही खाता येत नव्हतं आणि गाडीत ते फक्त पाण्यावर होते. धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातून पातळ मुगाची खिचडी आणली, वर तूप घातलं. काकूंना सांगितलं, "काकू, आजपासून भाकरी दुधात कुस्करून, मऊ करून द्यायची. नाचणीची पेज, वरण, ताकातला भात, चालत असेल तर अंडं. वजन टिकलं तर उपचार झेपतात. तिखट बंद." पहिल्या भेटीला उपाशी यायचं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर उपाशी राहायची गरज नाही. रांगेत दिवस जातो, खाऊनच निघायचं.

सकाळी ९:००

आता पिशवी. मुलाने प्लास्टिकची जाड पिशवी टेबलावर उपडी केली. औषधाच्या दुकानाच्या पावत्या, दंतवैद्याची चिठ्ठी, तीन वेगवेगळ्या दवाखान्यांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सीटी स्कॅनची मोठी फिल्म आणि तुकडा तपासणीचा अहवाल. अहवालावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असं स्पष्ट लिहिलेलं.

"स्लाइड आणि ब्लॉक कुठाय, दादा?"

मुलगा अहवालाकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच की. हाच आणा म्हणाला होता ना तुम्ही?"

इथे बहुतेक घरं अडतात, म्हणून नीट सांगते. तोंडातून किंवा गाठीतून जो तुकडा काढतात, तो औषधात ठेवून, मेणात घट्ट बसवून त्याचा ब्लॉक करतात. त्या ब्लॉकचे अतिशय पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात, ती स्लाइड. ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून जे लिहितात तो अहवाल. अहवाल म्हणजे एका डॉक्टरांचं मत. टाटासारख्या ठिकाणी तिथले तज्ज्ञ मूळ स्लाइड स्वतः पुन्हा बघतात, आणि आणखी तपासण्या लागल्या तर ब्लॉकमधूनच नवे काप घेतात. कधी कधी निदानातला बारकावा बदलतो आणि त्यावर उपचार बदलतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा काढायची वेळ येऊ शकते. ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या गालातून पुन्हा तुकडा काढायचा म्हणजे काय, हे अप्पांकडे बघून कळत होतं.

अप्पांचा पुतण्या सोलापुरात शिकतो. त्याला फोन लावला. प्रयोगशाळा १० वाजता उघडते. त्याला काय करायचं ते क्रमाने सांगितलं : अप्पांच्या सहीचं अधिकारपत्र, अहवालाची प्रत आणि आधार कार्डाची प्रत आम्ही फोनवर पाठवतो, ते कागद छापून घे, लेखी अर्ज दे, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागायचे, आणि रात्रीच्या सिद्धेश्वरने स्वतः घेऊन ये. कुरियर नको. अप्पांनी सही केली, मी फोटो काढून पाठवले.

तोवर सीटीची गोष्ट बघितली. फिल्म होती, सीडी नव्हती. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत सगळी असतात आणि डॉक्टर ती संगणकावर मागेपुढे करून बघतात. पुतण्याच्या यादीत सीडीही टाकली.

सकाळी १०:३०

आजाराची हकीकत एका पानावर लिहायची. हे पान मी रुग्णाच्या तोंडून ऐकूनच लिहिते. घरच्यांना मध्ये बोलू देत नाही. अप्पांना महिने आठवत नव्हते, शेत आठवत होतं.

"कवा सुरू झालं, अप्पा?"

"ज्वारी पेरली तवा गालात बारीक फोड हुता. दात लागत असंल म्हनून दात काढला."

"जखम कधी वाढली?"

"हुरड्याच्या वक्ताला. तिखट लागंना. मंग तोंड आकसत गेलं."

पेरणी म्हणजे रब्बीची, ऑक्टोबर धरला. हुरडा म्हणजे जानेवारीच्या आसपास. कागदावर महिने आले : ऑक्टोबरला फोड, नोव्हेंबरला दात काढला, जानेवारीत जखम वाढली, त्यानंतर तोंड उघडणं कमी, मग तुकडा काढला. वजन किती उतरलं हेही त्यांना सांगता येईना. घरात काटा नाही. "पट्टा किती भोकं आत गेला?" विचारलं तर पट्टा काढून दाखवला. दोन जुनी भोकं ताणून मोठी झालेली आणि पुढे खिळ्याने पाडलेलं नवं. पानावर लिहिलं, 'वजन बरंच कमी', आणि धर्मशाळेच्या काट्यावर उभं करून आजचं वजन त्यापुढे टाकलं.

मग औषधं. साखरेची गोळी चालू होती, पण नाव माहीत नव्हतं. काकूंनी कनवटीच्या पिशवीतून पाकीट काढलं. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सगळं लिहिलं. रक्त पातळ करणारी गोळी आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, पूर्वी कोणतं ऑपरेशन झालं का, हे विचारलं. गावातल्या वैद्याचा कसला काढाही दोन महिने घेतला होता. मुलगा म्हणाला, "ते नका लिहू, डॉक्टर रागावतील." मी लिहिलं. काढ्यातलं काय यकृतावर किंवा मूत्रपिंडावर चालून गेलंय, हे रक्त तपासणाऱ्याला कळायला हवं. रागावले तरी सांगायचंच.

तंबाखूचंही तसंच. अप्पांच्या कोपरीच्या खिशात चंची होती. किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, रात्री गालात ठेवून झोपायचे का, हे सगळं त्यांनी खरं खरं सांगितलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी तंबाखू, चुना आणि बायकांची मिश्री घराघरांत आहे. अप्पांना मी म्हटलं, "चंची इथे ठेवा. उपचार सुरू झाल्यावर तंबाखू चालूच राहिली तर जखम भरत नाही आणि आजार उलटायची भीती वाढते." मुलाच्या खिशातही पुडी होती. त्याला राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६ लिहून दिला. हा फोन फुकट लागतो आणि तंबाखू कशी सोडायची ते सांगतात.

दुपारी १२:००

शिक्षिकाबाई आल्या. आदल्या दिवशी कुडाळहून येऊन डोंबिवलीला नणंदेकडे उतरल्या होत्या. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी. बाईंची फाईल तारखांप्रमाणे लावलेली, पानांना क्रमांक घातलेले. स्लाइड होत्या, ब्लॉकही होता, छोट्या झिप पिशवीत.

अप्पांच्या मुलाला मी हाक मारली आणि तो ब्लॉक त्याच्या तळहातावर ठेवला. काडेपेटीहून जरा लहान, चपटी प्लास्टिकची चौकट. तिच्यावर पांढरट मेणाचा चौकोन आणि मेणात नखाएवढा फिकट तपकिरी तुकडा. चौकटीच्या तिरप्या कडेवर बारीक अक्षरात क्रमांक. तो क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. मेण आहे, म्हणून उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या काचेपाशी ठेवायचं नाही. स्लाइड काचेच्या, म्हणून त्या पेटीत आणि पेटी हातातल्या पिशवीत. मुलगा बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिला आणि लगेच पुतण्याला फोन करायला बाहेर गेला.

बाईंची अडचण वेगळी होती. गाठ लागल्यावर जवळच्या एका छोट्या रुग्णालयात ती सरळ काढून टाकली गेली. सुईने तपासणी आधी झालीच नव्हती. अहवाल नंतर आला. आता उद्याच्या डॉक्टरांपुढे गाठ नाही, फक्त व्रण आहे. म्हणून गाठ असतानाची प्रत्येक नोंद मोलाची. मॅमोग्राफीच्या फिल्म होत्या, ते उत्तम झालं. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'गाठ काढली' एवढंच. गाठ किती सेंटिमीटर होती, कोणत्या बाजूला, काखेतल्या गाठी काढल्या का, हे शस्त्रक्रियेच्या नोंदीत असतं. बाईंनी त्याच डॉक्टरांना फोन केला आणि तासाभरात नोंदीचं पान फोनवर आलं. ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या झाल्या नव्हत्या. त्या ब्लॉकवरून टाटामध्ये करता येतात, म्हणून बाईंच्या हातातला ब्लॉक आज लाखमोलाचा.

हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते : स्तनात गाठ लागली तर सुरीआधी सुई. तपासणीआधी कोणी गाठ काढून टाकू म्हणालं, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

मग घराण्याचा इतिहास. बाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणालाच नाही. मी आईकडचंही विचारलं. मावशी पोटाच्या गाठीने गेली होती, पण कसली गाठ ते माहीत नव्हतं. मुलीने मालवणला मामाला फोन लावला. ती गाठ अंडाशयाची होती आणि मावशीचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आत होतं. ही ओळ पानावर गेली. स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग एकाच रक्ताच्या नात्यात असला की डॉक्टर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीचा विचार करतात. त्याचा संबंध उद्या या मुलीच्या तब्येतीशीही येतो.

दुपारी १:३०

जेवण. अप्पांनी वरणभात खाल्ला. बाईंना निघण्याआधी कपड्यांचं सांगितलं. समोरून उघडणारा सैल ब्लाउज किंवा कुर्ता घाला, दागिने घरी ठेवा. सांगायला कोणी धजत नाही, पण तपासणीच्या खोलीत या साध्या गोष्टीने जीव सुखावतो. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला धक्के बसतील, म्हणून रात्री इथेच राहायचं ठरलं.

दुपारी ३:००

अप्पा आडवे झाले तसा मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, अप्पांना आम्ही सांगितलेलं नाही. नुसती गाठ आहे म्हणून आणलंय. कळलं तर हाय खातील. उद्या डॉक्टरांना तेवढं सांगून ठेवा."

दर आठवड्याला कोणा ना कोणाच्या तोंडून हे ऐकते. यामागे माया असते, आणि त्या मायेचा अनादर मी कधी करत नाही. पण मला जे वाटतं ते स्पष्ट बोलते. उद्या अप्पा ज्या दारातून आत जातील तिथे पाटी आहे. रांगेत पुढे-मागे बसलेली माणसं एकमेकांना आजार विचारतात. ऑपरेशन असो की केमो, संमतीपत्रावर सही अप्पांचीच लागणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उपचार अप्पांनाच सोसायचे आहेत. कशासाठी सोसतोय हे ज्याला ठाऊक नसतं, तो दुसऱ्या आठवड्यात गावाकडे चला म्हणतो.

"मग सांगायचं तरी कसं?" मुलाने विचारलं.

"आपण काही सांगायचं नाही. अप्पांना विचारायचं, आणि ते जेवढं विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं."

अप्पा उठल्यावर तिघांसमोर मी विचारलं, "अप्पा, उद्या डॉक्टर भेटतील. तुम्हाला त्यांना काय विचारायचंय?"

अप्पांनी रुमाल गालावरून काढला, घडी घातली. "मला शेक घ्यावा लागंल का, तेवढं इचारा. आमच्या शेजारच्या भीमरावाला बार्शीत शेक दिला हुता. त्याचं तोंड लई सोललं."

खोलीत कोणी बोललं नाही. शेक, म्हणजे रेडिएशन, कशाला देतात हे माढ्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. मुलगा अप्पांच्या शेजारी जाऊन बसला आणि पहिल्यांदाच आजाराचं नाव घेऊन बोलला. अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हशीचं काय केलंस? धार कोन काढतंय?" तिथून पुढचा अर्धा तास म्हैस, पाण्याची पाळी आणि सोसायटीचं कर्ज यावर बोलणं झालं. तेही तयारीतच मोडतं. ज्याच्या मागे गोठा अडलाय, तो माणूस मुंबईत मन लावून उपचार घेऊ शकत नाही.

दुपारी ४:१५

जुन्नरकडच्या एका तरुणाचा फोन. वय सव्वीस, पुढच्या सोमवारची तारीख. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग कळलं, अंडकोशाची गाठ, ऑपरेशन झालंय. या आजारात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्यांना फार महत्त्व, आणि ऑपरेशनच्या आधीचे आकडे व नंतरचे आकडे दोन्ही लागतात. आधीचा रिपोर्ट त्याने कुठेतरी टाकला होता. प्रयोगशाळेतून पुन्हा छापून घ्यायला सांगितलं. मग मीच विषय काढला, "भाऊ, लग्न व्हायचंय ना? केमो सुरू होण्याआधी वीर्य जतन करून ठेवता येतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचार. केमो सुरू झाल्यावर विचारलं तर उशीर होतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मॅडम." हा प्रश्न त्याच्या कागदावर पहिल्या क्रमांकाने लिहायला लावला.

सायंकाळी ५:००

पुतण्याने ब्लॉकचा फोटो पाठवला. क्रमांक अहवालाशी ताडला. शेवटचे दोन आकडे वेगळे. तो दुसऱ्याच कोणाचा ब्लॉक होता. पुतण्या प्रयोगशाळेच्या दारातच उभा होता. त्याला पुन्हा आत पाठवलं, अहवाल त्यांच्यासमोर धरून क्रमांक मोठ्याने वाचायला सांगितलं. पाऊण तासाने दुसरा फोटो आला. आता जुळला. स्लाइड जुळल्या, सीडीही मिळाली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच्या तुकड्यावर अप्पांचं निदान झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी तिथेच थांबवला.

सायंकाळी ६:००

सगळ्यांना घेऊन रुग्णालयापर्यंत पायी गेले. उद्याची वाट आज बघून ठेवली की सकाळची धांदल निम्मी होते. परळला केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं जवळजवळ आहेत, आणि नवखी माणसं हमखास चुकीच्या फाटकापाशी उभी राहतात. टाटाचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा. ते मूळचे गोव्याचे, कर्करोगाचे नामवंत शल्यचिकित्सक, आणि याच रुग्णालयात त्यांनी हयात घालवली. रुग्णालय १९४१ साली टाटांच्या न्यासाने उभारलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. बाईंनी हे मला मुलीला सांगायला लावलं आणि अप्पांनी मान वर करून इमारतीचे मजले मोजले.

नोंदणी कुठे, फाईल कुठे मिळते, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे, हे बाहेरून जेवढं दाखवता येतं तेवढं दाखवलं. फूटपाथवर एक माणूस मुलाच्या कानाशी लागला, "नंबर लवकर लावून देतो." मी मुलाला बाजूला घेतलं. नोंदणी खिडकीवर किंवा ऑनलाइन होते, तिला मध्यस्थ लागत नाही. पैसे घेणाऱ्याचा आणि रुग्णालयाचा काडीचा संबंध नसतो.

रात्री ७:३०

पैशांचा हिशोब. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. जनरलमध्ये खर्च बराच कमी येतो. मोठेपणापायी किंवा घाईत प्रायव्हेट लिहून दिलं की पुढे बदलणं सोपं जात नाही. डॉक्टर तेच, उपचार तेच, फरक मुख्यतः सोयीचा आणि दराचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार लागतं. दोन्ही मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगळ्या पाकिटात घातल्या. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते बघितलं. रुग्णालयात पैसे स्मार्ट कार्डावर भरून ठेवायचे आणि त्यातून वळते होतात, म्हणून मोठी रोकड अंगावर बाळगायची गरज नाही. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याचं प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यायचं.

मग उद्याच्या अपेक्षा. हे सांगितलं नाही तर संध्याकाळी माणसं खचतात. उद्या उपचार सुरू होणार नाहीत. उद्या नोंदणी, तपासणी आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा. आजार किती पसरलाय ते कळल्यावर शल्यचिकित्सक, केमोचे आणि शेकाचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. त्याला दिवस लागतात. तो वेळ वाया जात नाही. घाईत सुरू केलेल्या चुकीच्या उपचारापेक्षा तो कितीतरी बरा.

प्रत्येकाच्या कागदावर प्रश्न लिहिले, मोजकेच. अप्पांचे : आजार कितव्या टप्प्यावर आहे? उपचार बरं होण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? शेक लागला तर तो बार्शीला घेता येईल का? तोंडाच्या आजारात शेक आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. योजना इथे ठरून शेक तिथे देता आला, तर अप्पा घरचं दूध पिऊन उपचार घेतील. दातांचं काय करायचं, हेही विचारायचं, कारण शेकाआधी दात तपासून घेतात. बाईंचे : पुन्हा ऑपरेशन लागेल का? स्तन वाचवता येईल का? मुलीची तपासणी केव्हा?

डॉक्टर बोलतील तेव्हा एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं. खोलीत सहा जणांनी घुसायचं नाही. समजलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायचं, त्यात कमीपणा नाही.

रात्री ९:३०

फायली शेवटच्या एकदा लावल्या. सगळ्यात वर हकीकतीचं पान, मग अहवाल, मग स्कॅन, मग रक्ताचे रिपोर्ट, जुने केसपेपर तळाला. पावत्या बाजूला. पुतण्या स्टेशनवर पोचल्याचा निरोप आला. पेटी मांडीवर घेऊन बसलोय म्हणाला. सकाळी दादरला त्याला आणायला मुलगा जाणार. अप्पांच्या सकाळच्या गोळीची वेळ आणि सोबत घ्यायची केळी, बिस्किटं काकूंना सांगून मी निघाले.

तुमच्या घरी अशी तारीख आली तर एवढं करा. तारीख मिळाली त्याच दिवशी प्रयोगशाळेत जाऊन स्लाइड आणि ब्लॉकसाठी लेखी अर्ज द्या आणि हाती आल्यावर क्रमांक जुळवा. स्कॅनची सीडी मागा. आजाराची हकीकत रुग्णाच्या तोंडून ऐकून एका पानावर उतरवा, त्यात तंबाखू आणि काढा लपवू नका. शिधापत्रिका आणि आधारवरची नावं तपासा. आणि ज्याची तारीख आहे त्या माणसाला, आपण कुठे आणि कशासाठी चाललोय, हे घरातून निघण्याआधी माहीत असू द्या.